चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड

मंडळी, “इंजिन एकच आहे ना, मग गिअरबॉक्स का बसणार नाही?” असं विचारणारा प्रत्येक गॅरेजमध्ये कोणीतरी भेटतोच. आपल्याकडची मारुती ८०० आणि ओम्नी घ्या. दोघींचं ७९६ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं. पण ८०० मध्ये ते आडवं बसून पुढची चाकं फिरवतं, ओम्नीत सीटखाली लांबीच्या दिशेनं बसून मागची. तिथे अदलाबदलीचा विषयच मिटला. खरा घोळ गिअरबॉक्स बसतो तिथे होतो. म्हणून आज फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनबद्दल बोलू. १९५० ते १९६७ ची, पुढची काच दुभागलेली ती.

हिच्या मागे बीटल कारचंच इंजिन. सुरुवातीला जेमतेम २५ अश्वशक्तीचं, आणि त्याच्याकडून पाऊण टन माल ओढून घ्यायचा! कंपनीनं युद्धकाळातल्या आपल्याच कुबेलवॅगन या लष्करी गाडीमधली युक्ती उचलली. मागच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, गिअरची एक जोडी. अ‍ॅक्सल वरचा गिअर फिरवतो, वरचा खालच्याला, खालचा चाकाला. वेग कमी होऊन ओढ वाढते, शिवाय गाडीचं पोट जमिनीपासून उंच राहतं. पण एकमेकांत अडकलेले दोन गिअर विरुद्ध दिशांना फिरणार. त्याची भरपाई म्हणून व्हॅनच्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील (अ‍ॅक्सल फिरवणारं मोठं दातेरी चाक) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दुसऱ्या बाजूला बसवलेलं असतं.

आता त्या जागी बीटलचा गिअरबॉक्स तसाच चढवा आणि हब जागेवर राहू द्या. पहिला गिअर टाकून क्लच सोडलात की गाडी मागे! चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड. इलाज आहे : डिफरन्शियल, म्हणजे क्राउन व्हीलसकट दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच, काढून उलट्या बाजूनं बसवायचं. मात्र क्राउन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, शिम (पातळ चकत्या) घालून पुन्हा नेमका जुळवावा लागतो. तो नुसत्या अंदाजानं जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या हाती मी तरी गाडी देणार नाही.

बरेच लोक दुसरा मार्ग धरतात. हबमधले गिअरच काढून टाकायचे आणि अ‍ॅक्सल थेट चाकाला जोडायचा. मागची बाजू त्यानं खाली बसते. कित्येकांना तेच हवं असतं, दिसायला छान! पण हिशेब बघा. १९६३ नंतरच्या व्हॅनमध्ये वेग किती पट घटतो याचं प्रमाण डिफरन्शियलला ४.१२५ आणि हबला १.२६, गुणाकार ५.२० च्या आसपास. पहिला गिअर ३.८०, म्हणजे एकूण जवळजवळ २०. हब काढले आणि ४.१२५ चाच बीटलचा गिअरबॉक्स घातला, तर उरतात साडेपंधरा-सोळा. चढावर भरल्या गाडीची पाचव्या हिश्शानं ओढ गेली. मग क्लच जळला की दोष क्लच प्लेटला!

बारीकसारीक अडचणी वेगळ्याच. गाडीची वीज सहा व्होल्टची होती त्या काळातल्या फ्लायव्हीलला (इंजिनाच्या टोकाचं जड दातेरी चाक) १०९ दाते, नंतरच्या बारा व्होल्टच्याला १३०. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडलं की हे मोठं फ्लायव्हील जुन्या बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सचं फ्लायव्हील झाकणारं तोंड) घासतं, आतून ग्राइंडर मारावा लागतो.

खुद्द कंपनीनंही १९६८ च्या मॉडेलपासून हबमधले गिअर काढले. पण तिनं डिफरन्शियल ५.३७५ चं केलं. पहिला गिअर पुन्हा विसाच्या घरात.