पी५३ जातं कुठे? एका लायगेजची गोष्ट

१९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत, हेला सेल्स म्हणतात त्यांना. पी५३ नावाचं प्रोटीन डीएनए बिघडला की पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर त्या पेशीलाच मारून टाकतं. बऱ्याच कॅन्सरमध्ये त्याचा जीनच खराब झालेला असतो. पण हेला पेशींमध्ये जीन एकदम धडधाकट आहे आणि प्रोटीन मात्र शोधावं लागतं इतकं कमी. मग ते जातं कुठे?

पेशीला नको असलेलं प्रोटीन मोडायचं असतं तेव्हा त्याला युबिक्विटिन चिकटवतात, ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन आहे ते, त्याची साखळी अंगावर आली की प्रोटिअसोम त्या प्रोटीनचे तुकडे करून टाकतो. हे शोधणाऱ्या तिघांना, सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना, २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. काम तीन एन्झाइम मिळून करतात, ई१ युबिक्विटिनला तयार करतो, ई२ ते पुढे आणतो, पण चिकटवायचं कुणाला हे ई३ ठरवतो, तोच युबिक्विटिन लायगेज. माणसात ई१ फक्त २, ई२ चाळीसच्या आसपास आणि ई३ सहाशेहून जास्त! निवड करायचं काम सगळं ई३ कडे म्हणून इतके लागतात.

निरोगी पेशीत पी५३ वर एमडीएम२ नावाचा ई३ लक्ष ठेवून असतो, आणि डीएनएला इजा झाली की पी५३ त्याच्या तावडीतून सुटतं, साठतं आणि कामाला लागतं. आता यात एचपीव्ही येतो, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा व्हायरस, बहुतेकदा टाइप १६ नाहीतर १८, हेला पेशींमध्ये १८ आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत पीटर हाउली यांच्या लॅबमध्ये दिसलं की व्हायरसचं ई६ हे प्रोटीन (वरच्या ई१, ई२, ई३ शी या नावाचा संबंध नाही) पेशीतल्याच दुसऱ्या एका लायगेजला जाऊन चिकटतं. त्या लायगेजचं नाव ई६-एपी. एरवी तो पी५३ च्या वाटेला जात नाही, पण ई६ सोबत असलं की पी५३ वरच युबिक्विटिन लावत सुटतो. व्हायरसनं स्वतःचा लायगेज आणलेलाच नाही, आपलाच वापरला, आणि मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

मग ई६-एपी बंदच करून टाकला तर? नाही जमणार. मेंदूच्या न्यूरॉन्समध्ये याच्या जीनची फक्त आईकडून आलेली कॉपी चालते आणि तीच नसेल तर मुलाला अँजेलमन सिंड्रोम होतो, बोलणं जवळपास येत नाही, फिट्स येतात, चालताना तोल जातो. म्हणजे औषधाला लायगेज सोडून फक्त त्याची ई६ शी जोडी तोडावी लागेल, आणि असं औषध अजून बाजारात नाही.

लस मात्र आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली, तिच्यात १६ आणि १८ दोन्ही आहेत. पण लस व्हायरसला आत शिरायच्या आधी अडवते, आत बसलेल्या ई६ ला ती काही करत नाही, म्हणून मोठ्या बायकांसाठी तपासणी लागतेच. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही टेस्ट केली आणि ८ वर्षं पाठपुरावा ठेवला, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू टेस्ट न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे निघाले, २००९ मध्ये छापून आलाय तो निकाल.