म्यूकरची कुरणं

हे म्यूकर. इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर डेल्समधे, स्वेल नदीच्या खोऱ्यात पार वरच्या अंगाला. करड्या दगडाची घरं, 1580 सालचं चर्च, संपलं गाव. पण जूनमधे शेवटच्या घराच्या मागे गेलात ना की हे असं फुलांनी भरलेलं कुरण दिसतं.

पायवाटेला फरशा टाकल्यात, एकामागोमाग एकच माणूस चालायचं, कारण दोन्हीकडचं गवत म्हणजे कुणाचं तरी हिवाळ्याचं वैरण आहे. आणि ही भिंत बघा, आपल्या कोकणातला गडगाच. चुना नाही सिमेंट नाही, दोन बाजूंनी दगड रचत आणायचे, मधे बारीक चिपा भरायच्या आणि अधूनमधून एक लांब दगड आरपार घालायचा, तोच दोन्ही बाजू धरून ठेवतो.

फुलं आपोआप आलेली नाहीत हां. मे महिन्यात मेंढ्या इथून काढून वर डोंगरावर नेतात, फाटक बंद, मग गवत आणि फुलं एकत्र वाढतात, बी पडायला लागलं की जुलैमधे कापणी, उन्हात उलटंपालटं करून वाळवायचं आणि त्या शेतातल्याच दगडी गोठ्याच्या माळ्यावर भरायचं. पूर्वी खाली गाई बांधलेल्या असायच्या, हिवाळाभर तेच खायच्या आणि त्यांचं शेण परत त्याच शेतात पडायचं. रासायनिक खत घातलं तर गवत माजतं आणि फुलं गुदमरतात, एवढं साधं आहे ते.

हे पिवळं छोटं फूल, यलो रॅटल. जमिनीखाली याची मुळं गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस ओढतात, गवत जरा दबतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. माझ्या मते सगळ्या कुरणाचा आधार हाच.

इंग्लंड-वेल्समधली अशी जवळजवळ 97 टक्के कुरणं 1930 नंतरच्या पन्नासेक वर्षांत गेली, नांगर फिरला, खतं आली, सायलेज म्हणजे ओलाच कापून हवाबंद ठेवलेला चारा आला. जी उरलीत ती शेतकऱ्याने उशिरा कापायचं ठरवलं म्हणून उरलीत, आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

गोठ्याचं दार उघडतोय. आता गुरं मोठ्या शेडमधे असतात. गाईंच्या जागा तशाच आहेत.

आता म्युझिक बंद करतोय. यलो रॅटलची सुकलेली बोंडं वाऱ्यावर खुळखुळतायत, जुनी लोकं हा आवाज आला की विळे काढायची.