नाकाचं भाषांतर

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला भाषांतर करणाऱ्या एका जपानी मंडळाच्या चार कारभाऱ्यांची ओळख करून द्यायची आहे. चौघेही वैद्य. गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. साल १७७१. नावं सावकाश सांगते: सुगिता गेन्पाकू, माएनो ऱ्योताकू, नाकागावा जुन्आन आणि ऐन विशीतला कात्सुरागावा होशू.

त्या वर्षी वसंतात कोझुकाप्पाराच्या वधस्थळी देहान्ताची शिक्षा झालेल्या एका स्त्रीचं शवविच्छेदन होतं. ते पाहायला गेन्पाकू आणि ऱ्योताकू दोघेही गेले, आणि दोघांनी आपापलं पुस्तक बाहेर काढलं, तर ते एकच निघालं! कुल्मुस नावाच्या जर्मन वैद्याच्या शरीररचनेवरच्या ग्रंथाचा डच अनुवाद. पुस्तकातली चित्रं समोरच्या देहाशी ताडून पाहिली, तर सगळं तंतोतंत जुळलं. जुळलं नाही ते यांनी जन्मभर पढलेलं. घरी परततानाच ठरलं, हे पुस्तक जपानीत आणायचं. आणि दुसऱ्याच दिवशी त्सुकिजी भागात, ऱ्योताकूंच्या बिऱ्हाडी पहिली बैठक बसली. दुसऱ्याच दिवशी, बरं का.

आता मंडळाची शिदोरी किती होती, ते ऐका. डच येत होतं एकट्या ऱ्योताकूंना, तेही डच व्यापाऱ्यांच्या नागासाकी बंदरात जाऊन वेचून आणलेलं थोडंसं. गेन्पाकूंना तर मुळाक्षरंही येत नव्हती. म्हणून म्होरक्या ठरले ऱ्योताकू. पण ज्याला अक्षर येत नाही, त्यानेच हे काम पुढे रेटलं, हे ध्यानात ठेवा. पुढे म्हातारपणी गेन्पाकूंनी आठवणी लिहिल्या. त्यात ते म्हणतात, सुकाणू नसलेलं तारू भर समुद्रात लोटावं, तशी आमची गत होती. ‘भुवई म्हणजे डोळ्यांच्या वर उगवलेले केस’ एवढं एक वाक्य लावायला वसंतातला अख्खा लांबलचक दिवस गेला आणि संध्याकाळ झाली.

आणि मग आलं नाक.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, त्याची गणती नाही. गेन्पाकूंच्या आठवणींप्रमाणे वाक्य होतं: नाक हे ‘फुरुहेह्हेंदो’ असतं. फुरुहेह्हेंदो म्हणजे काय? कुणालाच ठाऊक नाही. ऱ्योताकूंनी नागासाकीहून एक लहानसं पुस्तक आणलं होतं, त्यात हा शब्द सापडला. पण त्याचा अर्थ दिलेला नव्हता, नुसती दोन उदाहरणं होती. पहिलं: झाडाची फांदी तोडली की ती जागा फुरुहेह्हेंदो होते. दुसरं: अंगण झाडलं की धूळमाती गोळा होते आणि फुरुहेह्हेंदो होते.

चौघे बसले विचार करत. फांदी, अंगण आणि नाक. तुम्हीही डोळ्यांसमोर आणून बघा. तोडलेली फांदी, झाडलेलं अंगण, चेहऱ्यावरचं नाक. यांचा एकमेकांशी संबंध काय? बराच वेळ गेला. मग गेन्पाकू बोलले. फांदी तोडली की तिथली जखम भरून येते आणि गाठ वर येते. अंगण झाडलं की केराचा ढीग वर येतो. आणि नाक? चेहऱ्याच्या मधोमध तेच तर वर आलेलं आहे! म्हणजे फुरुहेह्हेंदो म्हणजे उंचवटा, वर उचललेलं. सगळ्यांनी मान डोलावली, शब्द पक्का झाला. गेन्पाकू लिहितात, त्या क्षणीचा आनंद काय सांगू, किल्ल्यांच्या मोलाचं रत्न हाती लागल्यासारखं वाटलं.

मी स्वतः भाषांतर करते, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं. कोश उघडण्याआधी ती वस्तू डोळ्यांपुढे आणावी, असं माझं ठाम मत आहे. हल्ली पोरं शब्द दिसला की मोबाइलवर बोट ठेवतात. अर्थ मिळतो, पण अंगण दिसत नाही.

असो. महिन्याला सहा-सात बैठका व्हायच्या. दिवसभरात जे उलगडलं, ते गेन्पाकू त्याच रात्री लिहून काढायचे. अडलेल्या शब्दापाशी वर्तुळात फुली मारायची आणि पुढे जायचं. अडलं, की फुली आणि पुढे! गेन्पाकूंची प्रकृती तोळामासा. घाई करा, नाहीतर पुस्तक होईल तेव्हा मी गवताखाली असेन, असं ते म्हणायचे, आणि जोडीदारांनी त्यांचं नावच ‘गवताखालचे’ असं पाडलं. प्रत्यक्षात ते ऐंशीच्या पुढे जगले. मसुदे झाले अकरा. १७७३ मध्ये चित्रांची थोडी पानं आधी छापून लोकांचा आणि सरकारचा कल बघितला, आणि १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ या नावाने पुस्तक बाहेर आलं. त्यातूनच जपानीला ‘शिन्केइ’ हा शब्द मिळाला. आपण ज्याला मज्जातंतू म्हणतो, तो.

त्या पुस्तकात गेन्पाकूंचं नाव आहे, जुन्आनचं आहे, होशूचंही आहे. ऱ्योताकूंचं नाही. ज्यांना सगळ्यांत जास्त डच येत होतं, त्यांचंच नाही. कुणी म्हणतं, हे काम अजून कच्चं आहे असं त्यांना वाटत होतं. कुणी म्हणतं, कीर्तीसाठी शिकणार नाही असा त्यांनी देवापुढे नवस केला होता. ते स्वतः बाजूला झाले, तो त्यांचा मान. पण आपल्याकडे अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर नसतं, ते शोधायला आतलं पान उलटावं लागतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या माणसाने नवस केलेला नसतो हो.

पण ऱ्योताकू त्या पुस्तकातून अगदीच निसटले नाहीत. प्रस्तावना लिहिली नागासाकीच्या योशिओ कोग्यूंनी. ते डचांचे दुभाषे, त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेच काम. त्यांनी प्रस्तावनेत ऱ्योताकूंचं नाव घेतलं आणि त्यांच्या कष्टांबद्दल लिहिलं. अडीचशे वर्षं झाली, ती प्रस्तावना अजून पुस्तकाच्या सुरुवातीला आहे.

नमस्कार.