इमारत झाली, पण उद्या नळ कोण बदलणार?

नमस्कार श्रोतेहो. मी कन्स्ट्रक्शन मॅनेजर. शिकलो पुण्यात, पहिली नोकरीपण इथलीच, हिंजवडीकडच्या टॉवर्सवर. नंतरची बहुतेक वर्षं मात्र मेळघाटात, नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आणि थोडी गडचिरोलीतल्या भामरागडकडे गेली, आरोग्य केंद्रं आणि आश्रमशाळा बांधण्यात.

पुण्यात काँक्रीट हवं असलं की फोन करायचा, गाडी दारात. मेळघाटात धारणीच्या पुढे तसं नाही. पावसाळा लागला की कच्च्या रस्त्यावर ट्रक रुततात, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटायचा, त्यामुळे कामाचे दिवस म्हणजे दिवाळी ते मे, आणि त्यात मध्ये होळी. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचा तो वर्षातला सगळ्यात मोठा सण, तेव्हा साइटवर माणूस मिळणार नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. आम्ही स्लॅब होळीच्या निदान दहा-बारा दिवस आधी पडेल असं बघायचो, कारण पुढे पाणी मारायला माणूस लागतोच.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो. काँक्रीट किमान 7 दिवस ओलं ठेवायचं, कोरड्या कडक उन्हात 10 दिवस. आणि एप्रिलमध्ये त्याच गावातल्या बाया हातपंपावर हंड्यांची रांग लावून उभ्या असतात. मग या क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी आणायचं कुठून? माझा नियम एकच होता, गावाच्या हातपंपाला साइटने हात लावायचा नाही. जास्त पाणी पिणारी कामं थंडीत उरकायची, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधायचं, स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचं आणि लागेल ते टँकरने लांबून आणायचं. खर्च वाढतो, पण तो एस्टिमेटमध्ये पहिल्यापासून धरला पाहिजे.

सिमेंटचं तसंच. पोती जमिनीवर नाही, फळ्यांवर, भिंतीपासून लांब, थर दहाच्या वर नाही, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट टेस्ट केल्याशिवाय वापरायचं नाही. पावसाआधी भरून ठेवलेला माल दिवाळीनंतर तसाच वापरायचा मोह सगळ्यांना होतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उद्घाटनानंतरची. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे 20,000 लोक असा निकष आहे, म्हणजे तिथल्या लेबर रूमचा नळ बंद पडला तर बाळंतपणाला आलेल्या बाईने दुसरीकडे जायचं कुठे? म्हणून फिटिंग निवडताना मी आधी तालुक्याच्या बाजारात जायचो, हार्डवेअरच्या दुकानात वॉशर कुठला मिळतो, जळलेली मोटर कोण भरून देतो ते विचारायचो आणि तेच ड्रॉइंगमध्ये टाकायला लावायचो. आर्किटेक्टला राग यायचा. पण सेन्सरचा नळ बिघडला तर माणूस नागपूरहून येणार, साधा नळ गावातला पोरगा पान्याने बदलतो. काम चालू असतानाच गावातल्या दोन-तीन पोरांना प्लंबरच्या हाताखाली घ्यायचं, पूर्ण रोजावर, आणि कुठला व्हॉल्व्ह कशाचा ते त्यांच्याकडूनच भिंतीवर रंगवून घ्यायचं.

पुण्यात सिव्हिल शिकणारी मुलं हे ऐकत असतील तर त्यांना सांगतो, अशा भागात काम मिळालं तर साइट आधी जुलैमध्ये बघून या, चालत जावं लागलं तरी. पाणी कुठून उतरतं आणि कुठे तुंबतं ते तेव्हाच दिसतं, आणि जोत्याची लेव्हल त्यावरूनच ठरवायची असते.