उसवून दाखवा

[पडदा काळा. चाक एकसारखं फिरत असल्याचा आवाज. मग एका पारदर्शक नळीचा अगदी जवळून शॉट. आत लाल द्रव वाहतोय. अचानक त्यात फेस दिसतो.]

नळीत हवा शिरलीय.

विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली तर शेतकरी दोन शिव्या घालतो, पाइपात पाणी ओततो आणि पुन्हा बटण दाबतो. इथे तेवढी सवड नाही. ही नळी हार्ट-लंग मशीनमधून निघून थेट महाधमनीत जाते. हृदय थांबवलेलं आहे, फुप्फुसं निवांत आहेत, आणि अंगभर रक्त फिरवायचं काम सध्या यंत्राकडे आहे. यंत्रातली रक्ताची टाकी रिकामी झाली आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर पंप रक्ताच्या जागी हवा ढकलू लागतो. तिथून मेंदू काही सेकंदांच्या अंतरावर.

[रेसिडेंटचे, म्हणजे शिकाऊ सर्जनचे डोळे. मास्कच्या वर तेवढेच दिसतात.]

टेबलाशी उभ्या असलेल्या या तरुण डॉक्टरला आता दोनच शब्द बोलायचेत: पंप बंद. हे त्याला ठाऊक आहे. पुस्तकातलं ते पान त्याने परीक्षेसाठी घोकलंय. तरी तो नळीकडे बघत राहतो. एक सेकंद. दोन. तीन. चार. मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट मुद्दामच गप्प आहे.

[कॅमेरा मागे सरकतो. टेबलावर हिरवी चादर, चादरीखाली धड नाही.]

पेशंट गेला असता. पण टेबलावर पेशंट नाही. प्लास्टिकची छाती आहे आणि तिच्यात डुकराचं हृदय.

“पुन्हा,” मागे उभे असलेले सर म्हणतात. टाकी भरली जाते.

दुसऱ्या खेपेला तो ओरडतो. पंप थांबतो. रक्त नेणाऱ्या आणि आणणाऱ्या दोन्ही नळ्यांना क्लॅम्प लागतात. टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकतं, म्हणजे हवा मेंदूकडे चढणार नाही. महाधमनीतली नळी बाहेर काढायची, तिच्यातली हवा घालवायची, आणि आता खरी गंमत: तीच नळी वरच्या महाशिरेत घालून थंड रक्त उलट्या दिशेने मेंदूकडे पाठवायचं. शिरेतून आत, धमनीतून बाहेर. महाधमनीच्या भोकातून बुडबुडे येत राहतात, मग कमी होतात, मग नुसतं रक्त येतं. ते आलं की पुन्हा नेहमीच्या दिशेने पंप सुरू.

हा प्रसंग इतका विरळा की बरेच जण तो एकदाही न बघता सर्जन होतात. आणि येतो तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. अमेरिकेतल्या आठ संस्थांनी मिळून हृदयशस्त्रक्रियेच्या २७ रेसिडेंटांसाठी सरावाचा एक अभ्यासक्रम राबवला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. त्यात सहा धडे होते. तीन रोजच्या कामाचे: पेशंटला पंपवर घेणं, बायपास, महाधमनीची झडप बदलणं. उरलेले तीन निव्वळ संकटांचे: नळीत हवा, ऑपरेशन चालू असताना महाधमनीचा थर फाटणं, आणि हृदय अचानक ढेपाळणं. निम्मा अभ्यासक्रम अशा गोष्टींचा, ज्या घडू नयेत म्हणून सगळे देव पाण्यात ठेवून बसतात.

[जुनी छायाचित्रं: ऑपरेशन थिएटर, टेबलाभोवती दाटीवाटीने उभे डॉक्टर.]

वर्षानुवर्षं सर्जन तयार व्हायची रीत एकच होती. सरांच्या खांद्यावरून बघायचं, मग सर बघत असताना करायचं. सुताराकडे, सोनाराकडे पोरगं ठेवतात तसं. फरक इतकाच, की सोनाराच्या पोराने बिघडवलेली नथ वितळवून पुन्हा करता येते.

ही रीत मोडीत निघाली नाही, पण तिला पुरणारा वेळ आटला. २००३ साली अमेरिकेने रेसिडेंटच्या कामाचे तास आठवड्याला ८०वर आणले. (आपल्याकडच्या एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या रेसिडेंटला हा आकडा सांगून पाहा. तो हसेल, आणि मग घड्याळाकडे बघेल.) दुसरीकडे स्टेंट आले. सोपे रुग्ण कॅथलॅबमधूनच घरी जाऊ लागले आणि टेबलावर यायचे ते वयस्क, मधुमेही, एकदा छाती उघडून झालेले. शिकाऊ हाताला पहिला टाका घालायला द्यावा असा पेशंटच मिळेना.

[मोठी खोली. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक हृदय, भोवती निळ्या कपड्यातली पोरंपोरी.]

नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल. २००८. छातीच्या सर्जरीचं प्रशिक्षण चालवणारे प्राध्यापक देशभरातून पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांना इथे बोलावतात. या शिबिराला त्यांनी नाव दिलं बूट कॅम्प. सैन्यातला नवा रंगरूट जसा आधी कवायत शिकतो, तसं. पंपची जोडणी, रक्तवाहिनी जोडणं, श्वासनलिकेत घालायची ब्राँकोस्कोपीची दुर्बीण, फुप्फुसाचा एक खंड काढणं. आणि कोपराशी उभे असलेले शिक्षक कोण? तर आपापल्या रुग्णालयात ज्यांच्याकडे ऑपरेशनच्या तारखा मिळायला पेशंट वाट बघतात, ते.

या खोलीतली सगळ्यात महागडी वस्तू कोणती विचाराल, तर माझ्या मते यंत्रं नव्हेत. या लोकांचे तास.

[डुकराचं हृदय. झडपेच्या बाजूने आत सरकणारा रबरी फुगा.]

हृदय मात्र अमेरिकेतून आलेलं नाही. म्हणजे डुक्कर तिथलंच, कल्पना जमैकाची.

जमैकात हृदयाची ऑपरेशनं होत, पण मोजकी. नवा सर्जन शिकणार कशावर? वेस्ट इंडीज विद्यापीठातले सर्जन पॉल रामफल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात कॉम्प्युटरवालेही होते, एक जुगाड केला. खाटीकखान्यातून डुकराचं हृदय आणायचं. आकाराने ते माणसाच्या हृदयाच्या जवळपास. त्याच्या कप्प्यांत फुगे बसवायचे, आणि ते फुगे कॉम्प्युटरच्या तालावर फुगवायचे, सोडायचे. रक्तवाहिन्यांतून लाल रंगाचं पाणी खेळवायचं. की झालं, मेलेलं हृदय धडधडायला लागलं.

जुगाड शब्द मी कौतुकाने वापरतोय. कारण हे हृदय नुसतं धडधडत नाही. त्याचा ठोका वाढवता येतो, त्याला थरथरायला लावता येतं, बंद पाडता येतं, पंपवर नेता येतं. आणि सुई चुकीच्या जागी गेली, की रंगीत पाणी पिचकारीसारखं अंगावर येतं. २००५ साली रामफल यांनी हे जगापुढे मांडलं. चॅपल हिलचे सर्जन रिचर्ड फाइन्स यांनी ते उचललं. मोठ्या देशाने छोट्या बेटाकडून शिकण्याची उदाहरणं फारशी सांगितली जात नाहीत, म्हणून हे जरा लांबवलं.

[दोन हात. चष्म्याला लावलेली भिंगं. सुई इतकी बारीक की प्रकाशात चमकली तरच दिसते.]

आता थोडा वेळ न बोलता बघू या.

[वीस सेकंद फक्त आवाज: नीडल होल्डरची कट् कट्.]

ही हृदयावरची धमनी. दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे शिजलेल्या शेवईएवढी. तिला लांबीत एक चीर दिलीय. पायातून काढलेली शीर आणून त्या चिरेवर बसवायची, काठाला काठ लावून. याला म्हणायचं ऍनास्टोमोसिस. धागा सात-शून्य प्रोलीन, निळा, केसाच्या जाडीचा. जास्त ओढला तर तुटतो. फोर्सेपने चिमटला तर त्या जागी कमजोर होतो आणि मग दोन दिवसांनी, वॉर्डात, रात्री तुटतो.

चिरेच्या एका टोकाला म्हणतात टाच आणि दुसऱ्याला चवडा. केलेल्या कामावर बोळा फिरतो तो या दोन ठिकाणी.

सुई वाकडी आहे, म्हणून हातही वाकडा फिरायला हवा. कुलपात किल्ली फिरवतो तसं मनगट वळवायचं. नवा हात काय करतो? सुई सरळ ढकलतो. भोक मोठं होतं आणि धाग्याच्या बाजूने गळतं. धमनीच्या बाजूला सुई आतून बाहेर काढायची, कारण खऱ्या पेशंटच्या धमनीला आतून चुन्याचा थर असतो. बाहेरून आत टोचलं तर तो थर भिंतीपासून सुटतो आणि पडद्यासारखा रक्ताच्या वाटेत लोंबतो.

डुकराच्या हृदयात तो चुना नाही. खाटीकखान्यात येतं ते जनावर तरुण असतं. सरावाच्या हृदयाची ही मर्यादा आहे आणि शिक्षक ती लपवत नाहीत. दुसरी मर्यादा अशी, की इथे कुणाची बायको बाहेर बाकावर बसलेली नसते.

[पंपची जोडणी. रेसिडेंट आणि परफ्युजनिस्ट यांचा संवाद ऐकू येऊ द्या.]

“हेपरिन दिलं?”

“दिलं. तीन मिनिटं झाली.”

“एसीटी?”

“चारशे नव्वद.”

“चारशे नव्वद. ठीक. प्रेशर शंभरपर्यंत खाली आणा, मी महाधमनीत नळी घालतोय.”

ऐकायला हे रेल्वेच्या केबिनमधल्यासारखं वाटतं. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा. हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, एसीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद. ४८०च्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, नाहीतर रक्त यंत्रातच गोठेल. महाधमनीवर दोन गोल टाके, मधोमध सुरीचं टोक, सुरी बाहेर आणि नळी आत, टाके आवळायचे. दोन नळ्यांची तोंडं एकमेकांना लावताना वरून पाण्याची धार सोडायची, बुडबुडा एकही राहता कामा नये. हे हातांना चारपाच खेपांत जमतं. बोलणं जमायला वेळ लागतो. ज्या पोराने आयुष्यभर “हो सर” म्हटलंय, त्याला एकदम सगळ्या खोलीला हुकूम सोडायचे असतात, आणि तेही आवाज न चढवता.

[कृष्णधवल छायाचित्र: प्रयोगशाळेतला एक कृष्णवर्णीय माणूस, पांढरा कोट.]

सराव आधी आणि पेशंट नंतर, हे २००८ साली कुणाला पहिल्यांदा सुचलं असं नाही. हे व्हिव्हियन थॉमस. डॉक्टर नव्हते. मूळचे सुतारकाम करणारे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, ‘ब्लू बेबी’ म्हटल्या जाणाऱ्या निळसर बाळांसाठीचं ऑपरेशन त्यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ला सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ते पहिल्यांदा माणसाच्या बाळावर केलं, तेव्हा ब्लेलॉक यांचा स्वतःचा अनुभव किती? कुत्र्यावर एकदा, तेही थॉमस यांचा मदतनीस म्हणून. म्हणून थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहिले आणि टाका कसा घ्यायचा ते सांगत गेले. पुढे कितीतरी नामवंत सर्जनांचे हात याच माणसाने घडवले. पगार मात्र बरीच वर्षं कामाच्या मानाने फारच तुटपुंजा.

आपल्या परळचं केईएमही या गोष्टीत आहे. फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथे भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासच जगला. पण त्या रात्रीमागे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर केलेला कित्येक वर्षांचा सराव होता.

आणि सुश्रुत. त्याचं नाव घेतलं की लोक छाती फुगवतात, पण त्याने शिष्यांना नेमकं काय करायला लावलं ते क्वचितच सांगतात. सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, अख्खा सरावावर आहे. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्या. पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीला चीर द्या. शीर टोचायची तर मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. टाके कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. शास्त्र कितीही पढलेला असो, ज्याने असा सराव केला नाही तो कामाला अयोग्य, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

[मटणाचं दुकान. लाकडी ओंडका, सुरा. काउंटरवर स्टीलचा डबा घेऊन उभी एक मुलगी.]

आज आपल्याकडे कलिंगडाच्या जागी बोकडाचं हृदय आलंय. दुकानात जाऊन ‘काळीज द्या’ म्हटलं तर खाटीक यकृत तोलून देतो; ‘दिल’ म्हणावं लागतं, आणि तेही न चिरता, वरच्या नळ्या शाबूत ठेवून. पहिल्यांदा त्याला ते विचित्र वाटतं. मग सवय होते, तो बाजूला काढून ठेवतो. भुलीच्या औषधाचा रिकामा खोका, चार टाचण्या, ऑपरेशन थिएटरात उरलेला मुदतबाह्य धागा. कॉम्प्युटर नाही, फुगे नाहीत.

चालतं का हे? बऱ्यापैकी चालतं. स्टॅनफर्डचे सर्जन जेम्स फॅन यांनी रेसिडेंटांना सरावाचं छोटं चौकटीवजा साधन घरी नेऊ दिलं. आठवड्याने परत तपासलं तर हात सुधारलेले, वेळ कमी झालेला. रोज थोडं. रियाज म्हणा. पण एकट्याने केलेल्या रियाजात चूकही तितकीच पक्की बसते, आणि कान धरायला कुणीतरी लागतंच.

[पुन्हा ती मोठी खोली. संध्याकाळ. बरीच टेबलं रिकामी, हृदयं पिशवीत जातायत.]

शेवटच्या टेबलावर एक मुलगी अजून आहे. ऍनास्टोमोसिस पूर्ण झालंय. सिरिंजने रंगीत पाणी सोडलं, एक थेंब गळला नाही. बाहेरून टाके असे दिसतात की फोटो काढावा. तिने काढलाही.

सर येतात, बघतात, मान डोलावतात. मग कात्री मागतात.

[शीर लांबीत कापली जाते. क्लोज-अप.]

चवड्यापाशी एक टाका समोरच्या काठाऐवजी मागच्या भिंतीतून गेलाय. धमनी तिथे शिवून बंद झालीय. गळती नव्हती, पण पाणी पुढे जातच नव्हतं.

ती बराच वेळ वाकून बघते. सर काही म्हणत नाहीत. शेजारच्या हृदयावर अजून एक धमनी कोरी आहे. ती खुर्ची तिकडे ओढते.

[धाग्याचं नवं पाकीट फाडल्याचा आवाज.]