गच्चीवरची माती

[दृश्य : छत्रपती संभाजीनगर, पाणचक्की. हौदातलं पाणी, मग खालचं दालन.]

पाणचक्कीच्या या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. भर उन्हाळ्यात बाहेरून आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो. गावाकडचं माळवदही याच जातीचं. तुळया, त्यावर किलचण म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या, मग पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन त्या मातीतच मुरायचं. पण दर वर्षी मृगाआधी त्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे, नाहीतर घर गळायचं.

[दृश्य : विद्यापीठाच्या आवारातलं वसतिगृह, वरचा मजला. रात्रीचे नऊ. मुलं गच्चीवर बादल्या ओतताहेत.]

माळवद गेलं, स्लॅब आला. मराठवाड्यात मेच्या मध्याच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. भिंतीला छज्जा सांभाळतो, गच्चीला कोणी नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती उष्णता खोलीत सोडतं आणि पंखा तीच हवा फिरवत राहतो.

म्हणून हिरवं छत, म्हणजे गच्चीवर मातीचा थर आणि त्यात झाडं. पण आधी वजनाचा हिशोब.

माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून स्लॅबचं गणित केलेलं असतं. वावर नसेल तर 75 किलोच. हलक्या मिश्रणाचा 10 सेंटिमीटर थर पाण्याने भिजला की 120 ते 140 किलो भरतो. म्हणजे मातीनेच सगळी जागा खाल्ली, माणसांना काय उरलं? वाट निघते ती जुन्या कोब्यातून, म्हणजे गळू नये म्हणून स्लॅबवर घातलेल्या थरातून. विटांच्या तुकड्यांचा 10 सेंटिमीटर कोबा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास असतो, आणि गळतीवर उपाय म्हणून कोब्यावर कोबा चढवलेल्या गच्च्या काही थोड्या नाहीत. तो काढा, मगच माती आणा. काढताना ब्रेकर नको, छिन्नी-हातोडाच. हादऱ्याने स्लॅबला नव्या चिरा पडतात. खालून हातोडी वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर सळई गंजून काँक्रीट सुटलेलं आहे, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

[दृश्य : जवळून. पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा. त्याच्या आणि स्लॅबच्या कोपऱ्यात गवंडी सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा भरणारी गोलाई, मारतोय.]

कोब्याबरोबर उतारही गेलेला असतो. तो 100 सेंटिमीटरला किमान 1 सेंटिमीटर असा पुन्हा द्यायचा. मग वॉटरप्रूफिंगची शीट. जोडावर एकीवर दुसरी 10 सेंटिमीटर चढवून, आणि पॅरापेटवर मातीच्या पातळीच्याही वर 15 सेंटिमीटर नेऊन. पन्हाळी बंद करून 5 सेंटिमीटर पाणी 48 तास उभं ठेवायचं आणि खालच्या खोल्यांत फिरून ओल दिसेल तिथे खडूने खूण करायची. हे टाळून पुढे गेलेल्या कामात गळती सापडली तर सगळी माती उपसावी लागते. शिवाय पाणी वर शिरतं एकीकडे आणि खाली टपकतं दुसरीकडे. त्यासाठी गच्चीचे वाफे पाडा, प्रत्येकाचा निचरा वेगळा. गळती कोणत्या वाफ्याची ते तरी कळतं.

त्यावर मुळं अडवणारा एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा कागद, निचऱ्याच्या प्लास्टिक जाळ्या, आणि माती अडवून पाणी सोडणारं जिओटेक्स्टाइल कापड. मग माती.

आणि इथेच माळी ट्रॉलीभर काळी माती घेऊन येतो, कारण ती फुकट मिळते. परत पाठवा. रानात जिच्यावर कापूस उभा राहतो ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिचा बारीक गाळ कापडाची छिद्रं बुजवतो. निचरा थांबला की माती पाणी धरते आणि वजन वाढतच जातं. त्याऐवजी 7 भाग विटांचे बारीक तुकडे, 2 भाग कोकोपीट, 1 भाग कुजलेलं शेणखत. तुकडे चाळून घ्यायचे, भुकटी नको. खत जास्त घातलं तर ते कुजून थर वर्षभरात खाली बसतो.

[दृश्य : कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब. ठिबकची नळी.]

आता पाणी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात गच्चीवर लॉन लावणं आम्हाला पटत नाही. मेमध्ये लॉनला चौरस मीटरला दिवसाला 7-8 लिटर लागतात. कोरफड, पानफुटी असल्या झाडांना 3 लिटरच्या आसपास. म्हणजे 300 चौरस मीटरला 900 लिटर. माणशी 30 लिटर धरले तर 100 मुलांच्या अंघोळीचंच 3,000 लिटर पाणी निघतं. ते गाळून ठिबकला द्या. स्वयंपाकघराचं नको, तेलकटाने ड्रिपर बुजतात. साबणातले आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मातीवर पांढरे उमटतील. पावसाळ्यात ते धुऊन निघावेत म्हणून निचरा मोकळा पाहिजे. सांडपाण्याची सोय नसेल तर हिरवं छत करूच नका, चुन्याचा पांढरा रंग द्या. स्वस्त पडतो. पावसात तो उतरतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यायचा, एवढंच.

उरलेल्या गच्चीवरचा पाऊस साठवा. 1,000 चौरस मीटर, 700 मिलिमीटर पाऊस, थोडी गळतूट धरून साडेपाच लाख लिटर.

[दृश्य : पन्हाळीभोवती खडी. एक हात खडी बाजूला करतोय.]

पन्हाळीभोवती आणि पॅरापेटलगत 30 सेंटिमीटर फक्त खडी, झाड नाही. मृगाआधी जाळीचं झाकण उचलून आतला पाला काढायचा. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं. आणि श्रावणात पिंपळ शोधायचा. पाखरांच्या विष्ठेतून तो येतोच. दोन पानांवर असताना दोन बोटांनी निघतो. सहा पानांचा झाला की मूळ वाट्याच्या फटीत गेलेलं असतं. ओढलं तर शेंडा हातात येतो.