एला फिट्झजेराल्ड: बँडमध्ये घडलेला गळा

जॅझ ऐकणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो, गायिका म्हणून बिली हॉलिडे मोठी की एला फिट्झजेराल्ड. त्यात बिलीच्या बाजूचे लोक हमखास म्हणतात की एलाच्या आवाजात दुःखच नाही, सगळं कसं गोड आणि सफाईदार. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

दुःख तिनं काय कमी बघितलं? जन्म १९१७ चा, व्हर्जिनियातला, वाढली न्यूयॉर्कजवळ याँकर्सला. १९३२ मध्ये आई गेली, शाळा सुटली, मग हडसन गावातल्या मुलींच्या सुधारगृहात रवानगी झाली, तिथून पळाली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत मिळेल तिथे झोपून दिवस काढले. या दिवसांबद्दल ती जन्मभर फारसं बोलली नाही. ते दुःख गाण्यात मांडायचं नाही हा तिचा निर्णय होता असं मला वाटतं, आणि त्याचा मान ठेवायला हवा.

नोव्हेंबर १९३४ मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली ती खरंतर नाचायला. पण तिच्या आधी एडवर्ड्स सिस्टर्स इतक्या जबरदस्त नाचून गेल्या की हिचा धीरच सुटला, आयत्या वेळी गायली, तेही आवडत्या गायिकेच्या, कॉनी बॉसवेलच्या ढंगात, आणि पहिलं बक्षीस घेऊन गेली.

पुढच्या वर्षी चिक वेबच्या बँडमध्ये आली आणि तिची खरी तालीम इथे झाली. वेब ड्रमर होता, लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षय झालेला, अंगानं अगदी लहानखुरा, पण ड्रम वाजवायला बसला की भल्याभल्यांना ऐकत नसे. हा बँड हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये वाजायचा, तिथे लोक यायचे नाचायला, म्हणजे गाणाऱ्याची लय जरा जरी ढिली पडली तरी समोरच्या पायांना लगेच कळणार. एलाची लय अशी रोज रात्री तावून सुलाखून निघाली. १९३८ मध्ये मुलांच्या एका बडबडगीतावरून केलेलं तिचं गाणं तुफान चाललं, १९३९ मध्ये वेब वारला, आणि तो अख्खा बँड मग बाविशीतल्या एलाच्या नावानं १९४२ पर्यंत चालला.

मग बीबॉप आलं, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीचा नवा जॅझ. १९४६ मध्ये डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर ती दौऱ्यावर होती आणि त्याच्या ट्रम्पेटमधून जे निघतंय ते गळ्यातून काढायचा प्रयत्न करत होती. शब्द बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांवर गायचं, याला स्कॅट म्हणतात. ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगनं ते आधीच लोकप्रिय केलं होतं, पण एलानं त्याला वाद्याची चपळाई दिली. तराणा ऐकलेल्या कानांना तर ती मजा लगेच कळेल.

तिचा मॅनेजर नॉर्मन ग्रँझ गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवू द्यायचा नाही. १९५५ मध्ये ह्यूस्टनला पोलिसांनी स्टेजमागे जुगाराचं निमित्त करून एलालाही पकडून नेलं, आणि चौकीत तिचाच ऑटोग्राफ मागितला, असं तिनं पुढे सांगितलंय. काय म्हणायचं याला! १९५६ मध्ये ग्रँझनं व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि कोल पोर्टरपासून एकेका संगीतकाराच्या किंवा गीतकाराच्या गाण्यांचे तिचे अल्बम सुरू झाले. ते ऐकताना एकही शब्द निसटत नाही, आणि हे मला तिच्या स्कॅटइतकंच अवघड वाटतं.

पण तिचं एकच रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर फेब्रुवारी १९६० ची बर्लिनची मैफल ऐका. 'मॅक द नाइफ' गाता गाता ती शब्द विसरते, आणि थांबायचं सोडून आपण शब्द विसरलोय हेच गात सुटते, चालीत, यमक जुळवत, मध्येच आर्मस्ट्राँगची नक्कल करत, आणि मागे बँड जराही हलत नाही. ती चूक तशीच ठेवून रेकॉर्ड निघाली आणि तिला त्यासाठी ग्रॅमी मिळालं.